नव्या मालाचा वास : अमळनेरच्या शिवणकामाच्या नोंदी, मार्च ते मे

५ मार्च

वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा. बोरी नदीच्या पात्रात आमच्या शिवणगटाचा गाळा लावायचा, हे आजच्या बैठकीत पक्के झाले. माल तीन तऱ्हेचा करायचा. बाळंतविडा (झबली, टोपडी, दुपटी, लहान गोधड्या), तागाच्या बाजारपिशव्या आणि रेक्झीनचे पाउच. सुरतहून कटपिसांचे गठ्ठे रेल्वेने आले आहेत, बाकीचे सामान जळगावच्या फुले मार्केटमधून आणले.

गठ्ठे सोडल्यावर खोलीत बसवेना. खिडक्या उघडून सगळ्या ओट्यावर आलो.

गाळ्यावर झबले घेणारी बाई शिलाई नंतर पाहते, आधी ते नाकाशी धरते. आजी सोबत असली तर हमखास. म्हणून या वेळी कात्री लावण्याआधी वास काढायचा आणि त्याची नोंद ठेवायची. शिवून झाल्यावर काही करता येत नाही. अस्तर, बकरम, चेन, इलास्टिक सगळे एकत्र आले की एकाला मानवणारा उपाय दुसऱ्याला नासवतो.

६ मार्च

आज फक्त वास ओळखायचे काम. प्रत्येक मालाचा हातभर तुकडा वेगवेगळ्या काचेच्या बरणीत घातला, झाकण लावले आणि बरण्या उन्हात ठेवल्या. तासाभराने एकेक उघडून हुंगली. बरणीत कोंडलेला वास उघड्यावरच्या वासापेक्षा कितीतरी स्पष्ट कळतो. हुंगणारीने त्या दिवशी मशेरी लावायची नाही आणि दर दोन बरण्यांनंतर बाहेर चक्कर मारून यायचे. नाक फार लवकर सरावते आणि मग वास गेल्यासारखा वाटतो.

छापील सुती कापडाला घासलेटचा वास. पांढऱ्या पॉपलीनला कांजीचा, थोडा आंबूस. ‘इस्त्री लागत नाही’ म्हणून विकलेल्या शर्टिंगच्या तुकड्यांची बरणी उघडताच डोळे चुरचुरले. पॉलिएस्टर अस्तराला तेलकट वास, तागाला घासलेट आणि मशीनचे तेल असा मिसळलेला. रेक्झीनला नव्या रेनकोटचा, फोम शीटला गोडसर पण उग्र. इलास्टिकला रबराचा. एका जुन्या गठ्ठ्याला डांबरगोळ्यांचा. नंदुरबारहून गटातल्या एका वहिनीच्या माहेरून आलेल्या मांजरपाटाच्या थानाला मिरचीचा. त्या बरणीने सगळ्यांना शिंका आणल्या.

८ मार्च

सगळे वास एका सोड्याने किंवा एका व्हिनेगरने जातील, ही अपेक्षा आधी सोडली पाहिजे. वास कशाचा आहे त्यावर उपाय ठरतो. तेलाचा वास साबणाला किंवा डिटर्जंटला ऐकतो, सोड्याला नाही. आंबूस वास खाण्याच्या सोड्याने मंदावतो, कारण तो आम्लाचा असतो. मासळीसारखा वास अमाइनचा, म्हणजे अल्कलीचा. तिथे व्हिनेगर किंवा लिंबू चालते. आणि जो पदार्थ हळूहळू हवेत उडतच असतो, त्याला ऊब, वारा आणि वेळ याखेरीज काही लागत नाही.

व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एका बादलीत घालायची नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. हे शिवणखोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावले.

१० मार्च

पाणी. हा विषय इथे आधी सोडवावा लागतो. नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि बोअरचे पाणी जड आहे. जड पाण्यात साबणाच्या वडीने कापड धुतले की चुन्याशी साबणाचा राखट चोथा होतो, तो धाग्यात बसतो आणि कापड ठेवणीत पडले की खवट वास मारते. नवा वास काढायला जावे आणि दुसरा लावून यावे, असा प्रकार. म्हणून बोअरच्या पाण्याला वडी नाही, डिटर्जंट पावडर वापरायची. पावडर टाकण्याआधी बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवायचा, पाणी मऊ होते. रेशमी आणि लोकरी तुकड्यांना सोडा नको, त्यांना रिठा.

पाणी वाचवायचे तर धुणे शेवटी आले पाहिजे. आधी वाऱ्यावर टांगायचे, जेवढा वास हवेने जाईल तेवढा जाऊ द्यायचा, मग उरलेल्यासाठी पाणी खर्च करायचे. खळबळीचे पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला.

१३ मार्च

होळी. दोऱ्या दुपारीच रिकाम्या केल्या. गोवऱ्यांचा धूर सुती कापडात बसला की सहज निघत नाही.

१५ मार्च

छापील कापडाच्या घासलेटच्या वासाचे मूळ छपाईत आहे. पिगमेंट छपाईत रंग दाट करायला घासलेट किंवा मिनरल टर्पेंटाइन पाण्यात घुसळून केलेले इमल्शन वापरायची पद्धत आपल्याकडे फार रुळलेली आहे. छापल्यावर कापड साधारण १५० अंश सेल्सिअसला काही मिनिटे भाजतात. त्यात घासलेट उडते आणि रंग धरून ठेवणारा बाइंडर पक्का होतो. घाईत भाजलेल्या कापडात दोन्ही गोष्टी अर्ध्या राहतात. म्हणजे घासलेटचा वास येणारे कापड बहुधा रंगही सोडणार. ओला पांढरा कपडा घासून पाहिला तर ज्या थानाला जास्त वास, त्याचाच रंग जास्त लागला.

उपाय तीन टप्प्यांत केला. थान पूर्ण उलगडून सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असे टांगले. वास निम्म्याने उतरल्यावर ओट्यावर, उघड्या हवेत, उलट्या बाजूने कडक इस्त्री फिरवली. सुती कापडाला लागते तेवढी गरम, न थांबता, पुन्हा पुन्हा. भाजणीचे राहिलेले काम इस्त्री काही अंशी पुरे करते. टांगण्याआधी इस्त्री करायची नाही. बंद खोलीत घासलेटची वाफ आणि तापलेली इस्त्री एकत्र आणणे धोक्याचे आहे. मग कोमट पाण्यात डिटर्जंटने धुणे.

एका थानाला वास चिकटूनच राहिला. गटातल्या अक्का त्या थानावर हात फिरवून म्हणाल्या, “हाऊ वास साबणले दाद देत नही वं माय.” ते थान बाजूला काढले. त्याच्या पायपुसण्या होतील.

१८ मार्च

कांजी. पॉपलीन आणि मांजरपाट गिरणीत विणताना ताण्याला स्टार्च लावतात. आपल्या दोंडाईच्यात मक्यापासून स्टार्च करण्याचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे ही वस्तू खानदेशाला परकी नाही. कोरडी असताना कांजीला वास जवळपास नसतो. गोदामात ओल लागली की ती आंबते, त्यावर बुरशी धरते आणि कुबट वास सुटतो.

कापडात कांजी उरली आहे का हे पाहायला टिंक्चर आयोडीनचा एक थेंब कोपऱ्यावर टाकायचा. निळा-काळा डाग पडला तर आहे. आजच्या पॉपलीनवर गडद निळा पडला.

गिरण्या कांजी काढायला एन्झाइम वापरतात. घरी एन्झाइम असलेली धुण्याची पावडर तेच काम थोड्या प्रमाणात करते. पाणी कोमट हवे. उकळत्या पाण्यात एन्झाइम निकामी होते. संध्याकाळी भिजवून सकाळी धुतले. मार्चच्या उकाड्यात याहून जास्त वेळ भिजत ठेवले तर कापड बादलीतच आंबेल. धुऊन वाळल्यावर पुन्हा थेंब टाकला, फिकट जांभळी कड आली. आणखी एक धुणे, मग डाग पिवळसरच राहिला आणि बरणीत काही वास आला नाही. थेंबाचे कोपरे कापून टाकले.

हे पॉपलीन बाळंतविड्याला. कांजी गेल्यावर कापड इतके मऊ पडले की मावशींनी ते गालाला लावून पाहिले.

२१ मार्च

डोळे चुरचुरवणारे शर्टिंग. याबद्दल सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते.

सुती कापडाला सुरकुत्या पडू नयेत म्हणून त्यावर रेझिन (राळेसारखे रसायन) चढवतात. यातली बरीच रेझिने फॉर्मल्डिहाइडपासून बनतात आणि कापडातून थोडा फॉर्मल्डिहाइड सुटत राहतो, ऊब आणि दमटपणा मिळाला की जास्तच. इस्त्रीची वाफ लागताच नाकाला झोंबते ते यामुळे. पावसाळ्यात याच जातीच्या काही कापडांना मासळीसारखा वास येतो, तो रेझिनमधून सुटणाऱ्या अमाइनचा.

फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळतो, त्यामुळे धुण्याने मोकळा फॉर्मल्डिहाइड बराच कमी होतो. रेझिन मात्र धाग्याला बांधलेले असते, ते जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरला. तो निष्कर्ष मुख्यतः कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ हुंगणाऱ्यांवरून काढलेला आहे. एखादा शर्ट घालण्याने तेवढे होते असे नाही. पण त्वचेला खाज आणि पुरळ येणे हे कापडातूनही घडते. जपानने १९७३ च्या कायद्यानुसार दोन वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांसाठी मोठ्यांपेक्षा कितीतरी कडक मर्यादा घातली आहे.

वास गेला म्हणजे पदार्थ गेला, असे नाकावर विसंबून सांगता येत नाही. म्हणून माझा निर्णय असा की रेझिनवाले कापड कितीही धुतले तरी बाळाच्या कोणत्याही वस्तूत घालायचे नाही, अस्तर म्हणूनही नाही. गटातल्या काही जणींना हे जड गेले, तुकडे चांगले रुंद आहेत आणि रंगही गोड. त्यांचे पिशव्यांचे आतले खिसे करू. त्याआधी दोनदा कोमट पाण्यात धुवायचे, शेवटच्या खळबळीत बादलीला अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घालायचे आणि इस्त्री बाहेर करायची.

२४ मार्च

मिरचीचे थान. नंदुरबारला पथाऱ्यांवर मिरची वाळत असते त्या दिवसांत वाऱ्यावरही तिखट असते. थान तिथल्या माळ्यावर पडून होते. हा वास म्हणजे खरे तर बारीक पूड आहे, म्हणून आधी पाणी लावायचेच नाही. नाकातोंडाला रुमाल बांधून, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून झटकले. मग हातमोजे घालून डिटर्जंटने धुतले. तिखटपणाचे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते, त्यामुळे नुसत्या पाण्याने ते पसरते. हाताची आग झाली तर आधी गोडेतेल चोळायचे, नंतर साबण.

वास गेला. तरी हे थान बाळंतविड्याला दिले नाही.

२७ मार्च

डांबरगोळ्यांचा गठ्ठा. डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन (काही गोळ्या दुसऱ्या रसायनाच्याही असतात), ते घनरूपातून सरळ हवेत उडते आणि कापडात शिरते. पाण्यात ते विरघळत नाही, म्हणून धुऊन फारसा उपयोग होत नाही. उन्हाची ऊब आणि वारा हाच इलाज. गठ्ठा गच्चीवर पसरला आहे, रोज उलटायचा.

हे कापडही बाळासाठी नाही. इथे माझे मन जराही डळमळत नाही. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते. अशा बाळाला डांबरगोळीत ठेवलेले कपडे किंवा दुपटे गुंडाळले तर तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, तीही गंभीर. देशातल्या काही आदिवासी समाजांत या कमतरतेचे प्रमाण जास्त आढळते आणि आपल्या यात्रेला सातपुड्याकडची माणसे येतात. बाळात जुनी लुगडी, जुनी दुपटी वापरायची रीत आपल्याकडे आहे, त्यामुळे हे गिऱ्हाइकालाही सांगायचे. पेटीतले कपडे बाळाला देण्याआधी डांबरगोळ्यांचा वास येतो का पाहा. वास असेल तर देऊ नका.

आमच्या तयार मालात डांबरगोळी बंद. वेखंडाचे तुकडे आणि पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला, पातळ कापडाच्या पुरचुंडीत. पाला ओलसर राहिला तर कापडावर डाग पडतो.

३० मार्च

गुढीपाडवा. काम बंद.

३ एप्रिल

ताग. तागाचे धागे गिरणीत मऊ करण्यासाठी त्यावर तेल आणि पाण्याचे मिश्रण मारतात. हे तेल खनिज असते, गोणपाटाचा तो ओळखीचा घासलेटी वास त्याचाच. कॉफी, कोको असा खायचा माल भरायच्या पोत्यांसाठी खनिज तेलाऐवजी वनस्पती तेल वापरतात. तसे कापड मिळाले तर भाजीच्या पिशव्यांना उत्तम.

तागाला पाण्यात बुडवणे परवडत नाही. तो आटतो, वाकडा होतो, तपकिरी पाणी सोडतो. शिवाय आमच्या मालातला अर्धा ताग आतून प्लास्टिकचा पातळ थर लावलेला आहे, तो धुतला तर थर सुटतो. म्हणून नुसता वारा. कडक उन्हात ताग पिवळा पडतो, तेव्हा सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर सावली. बिनथराच्या तागावर ओले फडके टाकून इस्त्री केली, वाफेबरोबर वास निघताना स्पष्ट कळतो.

ब्रशने खाण्याचा सोडा चोळून, रात्रभर ठेवून, झटकूनही पाहिला. शेजारी बिनसोड्याचा तुकडा ठेवला होता. दोन्ही बरण्यांत तोच वास. तेलापुढे सोडा काही करत नाही.

९ एप्रिल

गटातल्या धाकट्या वहिनींनी सुचवले की सगळ्याला सुगंधी फॅब्रिक कंडिशनर लावू, वेळ वाचेल. अक्का म्हणाल्या, “आंगवर घालाना कपडा शे, वास दपाडीसन चालाव नही.” (वास दडपून चालणार नाही.) मला अक्कांचेच पटते. सुगंध आठ दिवसांत उडतो, खालचा वास उभाच असतो. नाजूक त्वचेला सुगंधी द्रव्यांचाही त्रास होतो.

११ एप्रिल

रेक्झीन. यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि समाधान सगळ्यात कमी.

रेक्झीन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक, त्याला लवचीक करायला प्लास्टिसायझर मिसळतात. शिवाय थर लावताना वापरलेले सॉल्व्हंट (पातळ करणारा द्रव) उरलेले असते. सॉल्व्हंट उडून जाते, तो वास काही दिवसांत संपतो. प्लास्टिसायझर मात्र वर्षानुवर्षे थोडा थोडा बाहेर येत राहतो. वारा देऊन वास कमी होईल, संपणार नाही.

गुंडाळ्या उलगडून, आतली बाजू बाहेर करून, जिन्याच्या वरच्या खोलीत टांगल्या. तिथे एप्रिलात भट्टीसारखे तापते. दारे उघडी, म्हणजे वाफ कोंडत नाही. थेट ऊन नाही, उन्हाने थर तडकतो. पाण्यात थोडे डिटर्जंट घालून ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसल्या. थिनर किंवा पेट्रोलने पुसायचे नाही, थर मऊ होऊन चिकट बनतो.

काळ्या आणि तपकिरी रेक्झीनचा वास चांगला उतरला. एका लाल गुंडाळीचा ढिम्म हलला नाही, उलट उकाड्यात तिला चिकट घाम सुटला. असा माल शिवायचाच नाही. दुकानदाराकडे परत नेली तर तो म्हणाला, “ताई, नवीन आहे म्हणून वास येतो, शिवल्यावर जाईल.” चिकटलेले बोट दाखवले. बदलून दिली नाही, पण पुढच्या खरेदीत वजा करतो म्हणाला. वहीत लिहून घेतले.

पाउचच्या कडा चिकटवायला रेक्झीनवाले जे सोल्युशन वापरतात, त्याचा वास रेक्झीनपेक्षाही वाईट आणि डोके दुखवणारा. या वेळी कडा मशीनवरच दुमडून शिवल्या. वेळ लागतो, पण पाउचला तो वास नाही.

१६ एप्रिल

फोम शीट नापास. ती बनवताना वापरलेल्या रसायनांचे अवशेष आत बुडबुड्यांत अडकलेले असतात, टांगून थोडा फरक पडला, बरणीत मात्र वास कायम. गोधड्यांत आणि पाउचमध्ये पॅडिंग म्हणून जुन्या सुती साड्यांचे थर घालणार. आपली गोधडी तशीच होत आली आहे. जुनी साडी शेकडो धुण्यांतून गेलेली, तिच्यातली गिरणीची कांजी केव्हाच गेलेली. घरोघरी सांगितल्यावर दोन दिवसांत गाठोडी जमली. त्याही बरणीत घालून तपासल्या. डांबरगोळ्यांचा वास असलेल्या परत केल्या.

इलास्टिक कोमट डिटर्जंट पाण्यात धुऊन सावलीत वाळवले. वास बराच गेला. ऊन आणि ब्लीच दोन्ही त्याला मारक.

२२ एप्रिल

पॉलिएस्टर अस्तर धुऊन झाले. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, तेल मात्र धरून ठेवते, म्हणून थंड पाण्याच्या धुण्याने वास हलत नव्हता. हाताला सोसेल इतके गरम पाणी आणि डिटर्जंट, अर्धा तास भिजवून, मग दोन खळबळी. निघाला.

कात्री आजपासून सगळ्या मालावर.

२८ एप्रिल

आखाजी (अक्षय्य तृतीया) दोन दिवसांवर. माहेरवाशिणी आल्या आहेत, हातशिलाईला माणसे वाढली. तयार बाळंतविडा पुन्हा एकदा साध्या पाण्यातून काढला, कारण शिवताना मशीनचे तेल लागतेच. सुईखालचा दोऱ्याचा भाग, बाही जोडलेल्या कडा इथे पिवळसर डाग पाहायचे. डाग दिसला तर तेवढ्याच जागी डिटर्जंट चोळून धुवायचे.

३ मे

बांधणी. बाळंतविडा प्लास्टिकच्या पिशवीत नाही, धुतलेल्या मलमलच्या तुकड्यात. प्लास्टिकमध्ये उरलासुरला वास कोंडतो आणि पिशवीचा स्वतःचाही लागतो. वर्तमानपत्राचा कागदही नको, त्याची शाई लागते. रेक्झीनची खोकी वेगळ्या खोलीत, गाळ्यावरही दुसऱ्या टोकाला. खोक्यांत लाकडी कोळशाची पुरचुंडी ठेवली आहे. दुकानातल्या ॲक्टिव्हेटेड कोळशाइतका तो वास शोषत नाही, पण बंद खोक्यात फरक कळतो.

तयार मालातून सहज हाताला येईल ती वस्तू काढून बरणीत ठेवली, उन्हात तासभर. झबले, दुपटे, गोधडी यांच्या बरण्या निर्मळ. तागाच्या पिशवीला तागाचा स्वतःचा गवतासारखा वास, घासलेट नाही. काळ्या पाउचला वास आहे, मंद. गाळ्यावर कोणी विचारले तर तसेच सांगायचे आणि सुती पाउच दाखवायचा.

५ मे

सुरतच्या व्यापाऱ्याला पुढच्या खेपेसाठी लिहून पाठवले. छापील कापड पूर्ण भाजलेलेच द्यावे, आम्ही ओला पांढरा कपडा घासून पाहू. रेझिन चढवलेले तुकडे वेगळ्या गठ्ठ्यात आणि चिठ्ठी लावून. गठ्ठ्यात डांबरगोळ्या टाकू नयेत. माल माघातच रवाना करावा, म्हणजे वाऱ्यावर टांगायला फाल्गुन आणि चैत्र दोन्ही महिने मोकळे मिळतील.